छायाचित्र क्रमांक तीन

फोटो मोठा करून बघायची काही गरज नव्हती. पत्राला जोडायचे पाच फोटो श्रुतिकानं सोसायटीच्या ग्रुपवर टाकले होते. त्यांना क्रमांक द्यायचे आणि प्रत्येकाखाली एकेक ओळ लिहायची, एवढंच माधुरीचं काम होतं. क्रमांक एक, राडारोड्याचा ढीग. क्रमांक दोन, पत्र्याची झोपडी आणि दोरीवर वाळत घातलेलं लुगडं. क्रमांक तीनमध्ये झुडपाआड कुणीतरी पाठमोरं उकिडवं बसलेलं होतं आणि त्याच्याभोवती श्रुतिकानं लाल गोल काढला होता. घाणीकडे माणसाचं बोट आपोआप जातं. माधुरीनं दोन बोटांनी तो गोल मोठा केला. राखाडी बिनबाह्यांचा स्वेटर, विरळ पांढरे केस, आणि डावा हात मागे मानेवर ठेवलेला, तळवा बाहेरच्या बाजूला. तो हात ती सव्वीस वर्षं बघत आली होती, जेवायला बसताना, टीव्हीसमोर, गॅलरीतल्या खुर्चीवर. स्वेटर तर तिनंच विणला होता. ते अप्पा होते, तिचे सासरे. फोटोखाली चोवीस जणांनी ओकारीची हिरवी तोंडं टाकली होती. त्यातलं एक तिचं होतं, सकाळी डबे भरता भरता न बघता टाकलेलं.

ती दिंडोशी कोर्टाबाहेर एका नोटरीकडे टायपिंग करायची. दिवसभर लोकांची प्रतिज्ञापत्रं. मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की. समोर एक बाई वारसाच्या कागदासाठी ताटकळत बसली होती आणि माधुरीला तोंडात पाणी सुटल्यासारखं झालं, उलटी व्हायच्या आधी सुटतं तसं. तिनं मोबाइल पालथा ठेवला. बाईचं नाव विचारलं, ते चुकीचं टाइप केलं, खोडलं, पुन्हा चुकीचं टाइप केलं. नोटरी म्हणाले, "काय माधुरीताई, बरं नाही का?" ती म्हणाली, "ॲसिडिटी."

त्यांच्या कांदिवलीच्या सोसायटीला लागून असलेला तो मोकळा प्लॉट चौदा वर्षं पडून होता. बिल्डर पाया खणायच्या आधीच गुंडाळून गेला आणि नंतर कुणीतरी शोधून काढलं की विकास आराखड्यात तिथं बागेचं आरक्षण आहे. झालं, सगळ्यांना एकदम फुलपाखरं दिसायला लागली. जॉगिंग ट्रॅक, ज्येष्ठांसाठी बाकडी, मुलांना घसरगुंडी. बागेला विरोध करायला कुणी राक्षस लागतो, आणि सोसायटीत सगळी देवमाणसं. या देवमाणसांनीच चौदा वर्षं त्या प्लॉटवर आपापली किचनं फोडून निघालेल्या टाइल्स टाकल्या होत्या, मेलेल्या आईबापांच्या गाद्या टाकल्या होत्या, गणपतीचं निर्माल्य काळ्या पिशवीत बांधून चौथ्या मजल्यावरून नेम धरून भिरकावलं होतं. आता तेच नाकाला रुमाल लावून म्हणत होते, काय ही घाण यार. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पण हे माधुरीला आज सुचत होतं. गेल्या आठवड्यात पालिकेला द्यायच्या पाठिंब्याच्या पत्राचा मसुदा तिनंच केला होता, आणि करताना तिला मजा आली होती. 'सदर भूखंडावर अनधिकृतपणे वास्तव्य करणाऱ्या इसमांमुळे' हे वाक्य तिचं. इसम हा शब्द तिला आवडायचा. माणूस म्हटलं की चेहरा दिसायला लागतो. इसमाला चेहरा नसतो, वय नसतं, तो फक्त काहीतरी करताना आढळतो.

अनधिकृत वास्तव्य करणारे म्हणजे धोंडिराम आणि त्याची बायको मालन. हिंगोलीकडची माणसं. बिल्डरनं धोंडिरामला वॉचमन म्हणून ठेवलं आणि जाताना तसंच ठेवून गेला. मालन एका शाळेत झाडलोट करायची. झोपडीवर निळा झेंडा, आत बाबासाहेबांची तसबीर, बाहेर पपई, शेवगा, आळू. कुणी न सांगता त्यानं भिंतीलगत बहावा आणि कडुनिंब लावला होता, राडारोडा एका कोपऱ्यात रचून उरलेल्या जागेत वाफे केले होते. गेल्याच महिन्यात गेटवर भेटला तेव्हा म्हणाला होता, "बाग झाली तर चांगलंच की वहिनी. तुमच्या साहेबांना सांगा, मला माळी म्हणून राहू द्या. झाडं मला वळखतात." माधुरी हो हो म्हणाली होती. सोसायटीतल्या बायका त्याच्या आळूची पानं फुकट न्यायच्या आणि लिफ्टमध्ये म्हणायच्या, ही लोकं एकदा बसली ना, की उठत नाहीत. कोणती लोकं ते कुणी कधी उघड म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती, निळा झेंडा गॅलरीतून सगळ्यांना दिसत होता.

घरी आली तेव्हा अप्पा गॅलरीत बसले होते, हात मानेवर. काशीराम परब, गिरणीतले एके काळचे जॉबर, कामगारांवरचे मुकादम, ज्यांचा आवाज साच्यांच्या खडखडाटावरून ऐकू जायचा. गिरणी गेली, चाळ गेली, सासूबाई गेल्या, आणि मागल्या दोन वर्षांत अप्पांचं डोकं तुकड्यातुकड्यानं गेलं. आधी नावं गेली, मग वार गेले. पण सकाळी सहाला ते नेमानं उठायचे, बाटलीत पाणी भरायचे आणि म्हणायचे, "मी जरा जावन येतंय." फिरायला जातात, असं माधुरी धरून चालली होती. अर्ध्या तासानं स्वच्छ परत यायचे, हातपाय धुतलेले, पायजम्याची नाडी नीट बांधलेली, अंगाला साबणाचा वास. "बघा, अप्पांचं अजून सगळं स्वतःचं स्वतः," ती कौतुकानं सांगायची, आणि ते सांगणं तिला फार उपयोगाचं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीचं असंच व्हायला लागलं तेव्हा ग्रुपवर तीन दिवस लिफ्टच्या वासाची चर्चा चालली होती. शेवटी तिच्या मुलानं तिला कर्जतला कुठल्याशा आश्रमात ठेवलं, आणि त्यावर सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती.

तिनं फोटो नवऱ्याला दाखवला. सुबोधनं तो बघितला, चष्मा काढून पुन्हा बघितला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. "तोंड दिसत नाही ना," तो म्हणाला.

"मला दिसतंय."

"तुला दिसतंय गं. त्यांना नाही ना दिसत. मग झालं. मी डायपर आणतो, विषय संपला." डायपर त्यानं आणले नाहीत. खालचं मेडिकल सोसायटीतल्याच माणसाचं होतं.

तिची झोप पाचलाच मोडली. सहाला अप्पा बाटली घेऊन निघाले तसा तिनं गाऊनवर ओढणी घेतली आणि जिन्यानं मागोमाग उतरली. प्लॉटच्या भिंतीला एक खिंडार होतं. अप्पा त्यातून असे सहज वाकून आत गेले जणू ती त्यांच्या गावची पाणंदच होती, आणि कदाचित त्यांच्यापुरती ती होतीच. माधुरी भिंतीच्या अलीकडे थांबली. ते झुडपाआड बसले. ती खाली बघत राहिली, तिच्या चपलेजवळ कुणाच्या तरी सत्यनारायणाची केळीची पानं कुजत होती आणि त्यांचा आंबूस वास येत होता. थोड्या वेळानं अप्पा तसेच उठले, पायजमा गुडघ्यावर, आणि पुढे काय करायचं ते विसरल्यासारखे उभे राहिले. बाटली हातात होती, पण ती कशासाठी आणली ते त्यांना कळत नव्हतं. मग धोंडिराम आला. त्याच्या हातात पाण्याचा डबा होता, खांद्यावर टॉवेल. घाई नाही, चेहरा वाकडा नाही. "चला आबा, बसा," म्हणत त्यानं त्यांना एका दगडावर टेकवलं आणि धुतलं. पुढून, मागून, मग पाय, मग साबणानं हात. टॉवेलनं कोरडं केलं, नाडी बांधली. मालननं कपात चहा आणला. अप्पांनी तो फुंकून फुंकून प्यायला आणि धोंडिरामनं त्यांना खांद्याला धरून इमारतीकडे वळवलं. "ते बघा तुमचं घर. सूनबाई वाट बघत असतील."

माधुरी धावत जिना चढली. अप्पांच्या आधी घरात पोचली, गॅसपाशी उभी राहिली आणि दूध उतू जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. अप्पा आले. साबणाचा वास आला. लाल साबणाचा, जो त्यांच्या घरात कधी आणला जात नव्हता. दोन वर्षं तो वास तिच्या नाकासमोरून जात होता आणि तिनं एकदाही विचारलं नव्हतं की हा साबण कुठला.

खरं तर तिनं तेव्हाच खाली जायला हवं होतं. काय म्हणायचं होतं, फक्त दोन वाक्यं. पण दिवसभर तिला आठवत राहिली ती चाळीतली बाई. माधुरीचं लहानपण परळच्या चाळीत गेलं. मजल्याच्या टोकाला चार संडास, आणि ते साफ करायला येणारी एक सावळी, उंच बाई. दिवाळीला आई तिला फराळ द्यायची, कागदात बांधून, वरून हातात सोडून, बोटाला बोट लागू नये अशा बेतानं. लहान माधुरीनं एकदा विचारलं होतं, तिचं नाव काय गं? आई म्हणाली होती, तुला काय करायचंय? पुढे माधुरी शिकली, पुरवण्या वाचल्या, आपण जातपात पाळणाऱ्यांतले नाही असं मानायला लागली. मालनच्या घरचा चहा मात्र तिनं कधी घेतला नव्हता. मालननं दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा माधुरीचा नेमका उपास होता. आणि इकडे तिचा सासरा, गावी विहिरीवर कुणी पाणी भरायचं ते ठरवणाऱ्यांच्या घरातला, रोज सकाळी त्याच घरचा चहा फुंकून फुंकून पीत होता. याचं तिला हसू यायला हवं होतं. तिला शिसारी आली, आणि ती नेमकी कशाची आली हे स्वतःशीसुद्धा तपासून बघायची तिची छाती झाली नाही.

शनिवारी श्रुतिकाचा फोन आला. श्रुतिका सोसायटीची सेक्रेटरी, अडतिशीची, सकाळी योगा करणारी, कामाला वाघ. "माधुरीताई, झकास झालंय पत्र. फक्त तीन नंबरखाली तुम्ही 'एक इसम' लिहिलंय ना, तिथे 'झोपडीधारक इसम' करा. नाहीतर ते विचारतील कोण म्हणून."

"पण तो तोच आहे कशावरून?"

"मग दुसरं कोण असणार? आपल्यातलं कोणी बसणारे का तिथं?" श्रुतिका हसली.

एक शब्द घालायला कितीसा वेळ लागतो? माधुरीनं तो घातला. आपण फक्त टायपिस्ट आहोत, असं तिनं स्वतःला सांगितलं. नोटरीकडे ती रोज लोकांची खोटी वाक्यं टाइप करते, ती काय तिची असतात? असं म्हणून झाल्यावर तिनं बेसिनपाशी जाऊन चूळ भरली. तोंडाला चव नव्हती.

रविवारी दहाला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. 'आमची बाग, आमचा हक्क' असा बॅनर. पालिकेच्या उद्यान खात्यातले एक साहेब आले होते, उन्हानं रापलेले, कमी बोलणारे. आधी ते एकटेच प्लॉटवर फिरून आले होते आणि येताना धोंडिराम-मालनला सोबत घेऊन आले. ती दोघं खांबापाशी उभी राहिली. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसा असं कुणी म्हटलं नाही आणि तीही बसली नाहीत.

"झाडं चांगली राखलीत यानं," साहेब म्हणाले. "बाग झाली की देखभालीला माणूस लागतोच. आराखड्यात माळ्याची खोलीपण आहे. तुम्हा रहिवाशांची तक्रार नसेल तर यालाच ठेवा म्हणून मी रिपोर्टमध्ये लिहितो. तक्रार असेल तर मात्र मला जागा मोकळी करून घ्यावी लागेल."

"तक्रार नाही कशी, सर?" श्रुतिका उठली. "फोटो आहेत ना. आमची मुलं बाल्कनीतून काय काय बघतात. माधुरीताई, वाचा ना, तुमचा आवाज छान आहे."

माधुरी उभी राहिली आणि वाचू लागली. आवाज खरंच छान लागला. 'छायाचित्र क्रमांक तीन, सदर झोपडीधारक इसम उघड्यावर शौचास बसलेला.' साहेबांनी हात पुढे करून तो कागद घेतला आणि धोंडिरामसमोर धरला. "हा तू आहेस?"

धोंडिरामनं कागद लांब धरून पाहिला. माधुरीनं त्याचा चेहरा बघितला आणि तिला कळलं की त्यानं ओळखलंय. त्यालाही ओळखायला चेहरा लागत नव्हता. त्यानं एकवार वर पाहिलं, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीकडे, जिथं अप्पा कठड्यावर हनुवटी टेकून खालची गंमत बघत होते.

"मी नाही साहेब," तो म्हणाला.

"मग कोण? ओळखतोस?"

"म्हातारं माणूस दिसतंय. जाऊ द्या ना. या वयात माणसाला कळत नाही."

"म्हणजे यांच्याकडचाच कोणी पाहुणा," मागून कुणीतरी बोललं आणि दोनचार जण हसले.

"सांगून टाका की हो," मालन म्हणाली. "आपण काय लपवायचं? आपण धुतो, अन्‌ आपणच—"

"मालन, गप."

मालन गप्प झाली. पण तिनं माधुरीकडे पाहिलं, सरळ, पापणी न हलवता. तिच्या नजरेत राग नव्हता, ती वाट बघत होती. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. माधुरीचं तोंड उघडं होतं. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं, ते आमचे अप्पा आहेत, एवढंच, चार शब्दांचं. चोवीस हिरवी तोंडं तिच्यासमोर खुर्च्यांवर बसली होती. सुबोधनं मागून तिचं कोपर धरलं, नुसतं धरलं, दाबलं नाही. दाबायची गरजच नव्हती.

"पुढे वाचू का?" माधुरी म्हणाली.

साहेबांनी कागद परत दिला. तिनं चार आणि पाच वाचलं. हात वर करून ठराव झाला, सगळे हात, तिचाही. मग समोसे आणि जिलब्या आल्या. श्रुतिकानं बागेला नाव सुचवा म्हणून सांगितलं आणि लोकांनी पाकळ्या, पहाट, आनंद असली नावं सुचवली. धोंडिराम आणि मालन तोवर निघून गेले होते. कुणी म्हणालं, माहुलला की कुठं देतात ना यांना घरं, यांची चैनच आहे. यांना काहीच मिळणार नव्हतं, हे कागदपत्रांतलं कळणाऱ्या माधुरीला नीट ठाऊक होतं. हातातल्या जिलबीचा पाक बोटांवर ओघळला आणि तिला तो चाटवेना की पुसवेना.

त्या दिवसापासून तिला धोंडिरामचा राग यायला लागला. काय गरज होती त्याला एवढं चांगलं वागायची? एक नाव घेतलं असतं तर तो वाचला असता, आणि तीही वाचली असती. आता तो तिथं खांबापाशी उभा राहून तिच्या घराची अब्रू झाकून गेला होता, आणि ही उसनी अब्रू पांघरून तिला लिफ्टमध्ये उभं राहावं लागत होतं. तो भांडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर ती म्हणू शकली असती, बघा, ही लोकं अशीच. तेवढीसुद्धा सोय त्यानं ठेवली नाही. सोमवारी, मंगळवारी सकाळी अप्पा गेले आणि साबणाचा वास घेऊन आले. दोन्ही दिवस. म्हणजे ते सगळं झाल्यावरसुद्धा. हे आठवलं की माधुरीला अंग खरवडून काढावंसं वाटायचं.

बुधवारी ट्रक आला. झोपडी पाडायला पाऊण तास लागला. ग्रुपवर व्हिडिओ आला, टाळ्या आल्या. पपई आडवी पडलेली व्हिडिओत दिसत होती. मालन डोक्यावर ट्रंक घेऊन तसबीर छातीशी धरून चालली होती, धोंडिरामच्या हातात गादीची वळकटी होती. संध्याकाळपर्यंत प्लॉटला चारी बाजूंनी निळे पत्रे लागले. ती दोघं कुठं गेली हे कुणी विचारलं नाही. माधुरीनंही विचारलं नाही.

गुरुवारी सहाला अप्पा बाटली घेऊन निघाले. तिनं त्यांना अडवलं नाही. दार आतून लावून घ्यावं हेही तिला सुचलं होतं, पण ती आपली कणीक मळत राहिली. वीस मिनिटांत बेल वाजली. अप्पा दारात उभे होते. पायजमा भिजलेला, घोट्यापर्यंत घाण ओघळलेली, हातात भरलेली बाटली तशीच. "पत्रो लावल्यानी," ते लहान तोंड करून म्हणाले. "खयसून जावचा, कळाक नाय." समोरच्या घराचं दार किलकिलं झालं आणि लगेच मिटलं.

सुबोध बेडरूममधून बघून पुन्हा आत गेला. माधुरीनं अप्पांना हाताला धरून बाथरूममध्ये नेलं, स्टुलावर बसवलं, पायजमा उतरवला. नाकातून श्वास घ्यायचं तिनं बंद केलं. आता किळस येईल, आता उलटी होईल, म्हणून ती थांबून राहिली. काहीच झालं नाही. पाणी ओतलं, हात फिरवला, घाण निघून मोरीत गेली. खाली म्हाताऱ्या माणसाची पातळ, सुरकुतलेली कातडी होती, लहान मुलाची असते तशी ऊबदार. साबण, पुन्हा पाणी, टॉवेल. सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एवढंच काम होतं. एवढ्याच कामासाठी तिनं दोन माणसांचं घर पाडलं होतं. आणि मग ती आली, जिची ती इतका वेळ वाट बघत होती ती किळस, पण मोरीतल्या घाणीची नाही. ती भिंतीला धरून बसून राहिली.

अप्पांचे पाय पुसायला ती वाकली तसा त्यांनी आधारासाठी तिच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे मिटलेले होते, चेहऱ्यावर निवांतपणा होता.

"देव तुझा बरा करो रे धोंडिबा," ते म्हणाले.

माधुरीनं ते ऐकून घेतलं. मी धोंडिबा नाही, असं ती याही वेळी म्हणाली नाही. तिनं दुसरा पाय पुसायला घेतला.